इश्बेलबाईंची सतरावी ओळ

इश्बेल डुगिड यांना "झालं का?" असं विचारायचं नाही, हे आमच्या युनिटमध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. मलाही सांगितलं होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून ते गेलंच.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय झालं का?"

"तो शोध."

"कुठला शोध? कोणत्या डेटाबेसमधला? कोणत्या तारखेपर्यंतचा?"

"काही नाही," मी म्हटलं.

"हं. मग काहीच नाही झालं."

अ‍ॅबरडीनच्या विद्यापीठातल्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या खोलीत या बाई बावीस वर्षं बसतात. मूळच्या पीटरहेडच्या. वडील मासळीच्या लिलावात पेट्या मोजायचे. एकोणिसाव्या वर्षी त्या इस्पितळाच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला लागल्या आणि पदवी पुढे नोकरी करता करता घेतली. नवरा सँडी समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असायचा, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. आता तो निवृत्त आहे आणि रोज घरी असतो, ही बाईंची एक कायमची तक्रार आहे.

दुसरी कायमची तक्रार डॉक्टरांबद्दल. "एक लेख वाचतात आणि उपाय सुरू करतात. दुसरा वाचतात आणि बंद करतात. कोटाची बटणं लावावीत-सोडावीत तसं." आमचं काम याच्यावरचा उतारा आहे. एखाद्या प्रश्नावर जगभर झालेल्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, आधीच ठरवून ठेवलेल्या नियमांनी त्या तपासायच्या, आणि सगळ्या मिळून काय म्हणतात ते सांगायचं. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. आकडेमोड माझ्याकडे असते. 'सगळ्या' हा शब्द खरा ठरवायची जबाबदारी इश्बेलबाईंची.

गेल्या जूनमध्ये लॉर्ना बकन आमच्याकडे आली. ती घरोघरी फिरणारी नर्स. बांफपासून आत डोंगराकडे तिची हद्द. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या टाचा चिघळतात, त्या धुणं, बांधणं, बघणं हे तिचं अर्धं काम. एका कंपनीने फोमचे मऊ बूट काढले होते. टाच त्यात अधांतरी राहते, गादीला टेकत नाही. आरोग्य मंडळ ते घरी राहणाऱ्या सगळ्याच रुग्णांना द्यायच्या विचारात होतं आणि त्या बदल्यात नर्सच्या आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक करणार होतं. निर्णयाची सभा बारा मार्चला.

"मला एवढंच सांगा," लॉर्ना म्हणाली, "बूट उपयोगी आहेत का? असतील तर मी गप्प बसते. नसतील तर माझी म्हातारी माणसं आठवड्यातून एकदाच बघायला मिळणार, आणि टाच काय सोमवार-गुरुवार बघून चिघळत नाही."

"उपयोगी म्हणजे?" इश्बेलबाई.

"म्हणजे उपयोगी, बाई!"

"कोणाला? घरी राहणाऱ्यांना की इस्पितळातल्यांना? उठून बसतात त्यांना की अजिबात हलत नाहीत त्यांना? कशाच्या तुलनेत? उशीच्या, की काहीच न करण्याच्या? आणि काय मोजायचं? जखम झाली की नाही, किती दिवसांनी झाली, की दुखतंय किती?"

लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. "ही नेहमी अशीच असते का गं?"

"आज बऱ्या मूडमध्ये आहेत," मी म्हटलं.

नमनालाच घडाभर तेल गेलं. प्रश्न नीट मांडायला आम्हाला पाच आठवडे लागले. कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणते परिणाम, कसल्या चाचण्या घ्यायच्या, कसल्या गाळायच्या. हे सगळं लिहून जुलैअखेर सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलं. नोंदवायचं ते अशासाठी, की उत्तर दिसल्यावर प्रश्न बदलायचा मोह होतो आणि तो भल्याभल्यांना होतो.

आमच्याकडचे भलेभले म्हणजे प्राध्यापक रॉडरिक लीपर. आढाव्याचे प्रमुख. हुशार माणूस, बोलायला गोड, आणि कुठलंही काम उंटावरून हाकायची सवय. त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं. आमचं काम फक्त ते लिहून काढायचं, असा त्यांचा समज.

इश्बेलबाईंचा शोध म्हणजे अठरा ओळींची यादी. एका ओळीत टाचेसाठीचे शब्द, दुसरीत जखमेचे, पुढे बुटांचे, उशांचे, पट्ट्यांचे. मग खालच्या ओळी वरच्या ओळींना त्यांच्या क्रमांकाने हाक मारतात. सात ते सोळा यांतलं काहीही चालेल, ही झाली सतरावी ओळ. आणि शेवटी, सहावी आणि सतरावी दोन्ही हव्यात. सहावी म्हणजे टाचेची जखम, सतरावी म्हणजे सगळे उपाय. ही यादी त्यांनी ग्लासगोच्या एका ग्रंथपालाकडून तपासून घेतली, कारण स्वतःची यादी स्वतः तपासायची नाही हा नियम. त्याने दोन सूचना केल्या. बाईंनी एक मानली, एकीवर चार दिवस धुसफुसल्या आणि मग तीही मानली.

ऑगस्टच्या मध्यावर लीपरसाहेब दारात उभे राहिले. "इश्बेल, मेंढीच्या कातड्याचे बूट घेतलेस ना यादीत? माझी आजी वापरायची."

"तुझ्या आजीवर चाचणी झाली होती का, रॉडरिक?"

"घाल गं एक ओळ. काय जातंय?"

बरोबर होतं त्यांचं, ते शब्द हवेच होते. बाईंनी नववी ओळ म्हणून ते घातले. चार डेटाबेसांत घातले आणि शोध चालवला. पाच हजार दोनशे बारा नोंदी आल्या.

त्यानंतर चाळणी. प्रत्येक नोंदीचं शीर्षक आणि सारांश दोन जणांनी वेगवेगळं वाचायचं आणि ठेवायची की टाकायची ते ठरवायचं. एकमेकांशी बोलायचं नाही. या आढाव्यात ते दोघं म्हणजे इश्बेलबाई आणि मी, आणि आमची टेबलं समोरासमोर. तीन महिने आम्ही हवामान, सँडीचे टोमॅटो आणि लिफ्टचा आवाज यांवर बोललो. एखादी नोंद वाचताना त्या नाकातून हवा सोडायच्या, की मी लगेच म्हणायचे, "इश्बेल, मला ऐकू आलं."

"मी श्वास घेतला. तेही नोंदवहीत लिहिलं पाहिजे का?"

लीपरसाहेबांना हे सगळं वेळखाऊ वाटायचं. "एकीनेच वाचलं तर निम्म्या वेळात होईल."

"आणि निम्म्या चुका कोणाला सापडणार नाहीत," बाई मान वर न करता म्हणाल्या.

जानेवारीअखेर अकरा चाचण्या हातात होत्या. प्रत्येकीत कुठे पाणी मुरतंय ते तपासून झालं होतं. बूट कोणाला द्यायचे त्याच्या चिठ्ठ्या कोणी नीट टाकल्या नव्हत्या, तर कुठे जखम बघणाऱ्याला बूट कोणाला दिलेत ते ठाऊक होतं. मी आकडे एकत्र केले. आमच्या आलेखाच्या तळाशी सगळ्या चाचण्यांचं मिळून उत्तर दाखवणारा, हिऱ्याच्या आकाराचा ठिपका येतो, तो हिरा. तो मधल्या उभ्या रेषेच्या पूर्ण डावीकडे बसला तर उपाय उपयोगी, रेषेला चिकटला तर सांगता येत नाही. आमचा हिरा डावीकडे बसला होता. फार दूर नाही, पण डावीकडे. लीपरसाहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांसाठी केक आणला.

उरलं होतं ते एकच. शोध ऑगस्टमधला, म्हणून छापायच्या आधी तो पुन्हा चालवून मधल्या महिन्यांत नवीन काही आलंय का ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला, जेवणाच्या सुट्टीनंतर, इश्बेलबाई समोरून म्हणाल्या, "मुक्ता, इकडे ये."

आवाज नेहमीचा नव्हता. मी उठून गेले.

"नर्सिंगचा डेटाबेस. सहा महिन्यांत फक्त चार नोंदी. चार! तिथे टाचांवर महिन्याला वीस तरी येतात. शेवटची ओळ वाच."

मी वाचली. "सहा आणि सतरा."

"आता सतरावी वाच."

सतराव्या ओळीत सगळे उपाय नव्हते. तिथे एकटा शब्द होता, पट्टी. मेंढीच्या कातड्याची ओळ मध्ये घुसल्यावर खालच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकल्या होत्या. सगळ्या उपायांची ओळ आता अठरावी झाली होती. तीन डेटाबेसांत यंत्राने क्रमांक आपोआप बदलून घेतले होते. नर्सिंगच्या डेटाबेसात यादी हाताने चिकटवावी लागते, तिथे त्यांनी मधले आकडे बदलले आणि शेवटच्या ओळीतला बदलायचा राहिला. ग्लासगोच्या माणसाने तपासलं होतं ते ओळ घालण्याच्या आधी. नंतर पुन्हा तपासायला पाठवलंच नव्हतं.

"म्हणजे..." मी सुरुवात केली.

"म्हणजे नर्सांनी लिहिलेलं बहुतेक सगळं आपण बघितलेलंच नाही. नर्सच्या प्रश्नासाठी!" त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "इतकी वर्षं मी लोकांना ओळी तपासायला शिकवते. शिबिरं घेते! मागच्या रांगेत बसून माशा मारणाऱ्या पोरांना हीच चूक दाखवते, हीच, याच आकड्याची!"

मग त्यांनी फोन उचलला आणि लीपरसाहेबांना खाली बोलावलं.

साहेबांनी उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. "बरं. वाईट झालं. पण बाकी तीन डेटाबेस आहेत ना? महत्त्वाच्या चाचण्या तिथे आल्याच असणार."

"असणार?"

"इश्बेल, सभा बारा मार्चला आहे. आज चोवीस. आता हे उकरत बसलीस तर आपलं म्हणजे वरातीमागून घोडं. मंडळ कंपनीच्या माहितीपत्रकावर निर्णय घेईल. ते चालेल तुला? अगं, हे कोणाला कधी कळणारसुद्धा नाही."

"मला कळलंय."

"मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"पुढच्या आवृत्तीपर्यंत लॉर्नाच्या फेऱ्या निम्म्या झालेल्या असतील. आपल्या अहवालाचा हवाला देऊन."

"हिरा डावीकडे आहे, इश्बेल!"

"अकरा चाचण्यांचा हिरा डावीकडे आहे. आपण वर 'सगळ्या' असं लिहिलंय." त्या उठल्या आणि दाराकडे गेल्या. मला वाटलं निघाल्याच. पण त्यांनी दार उघडून धरलं, साहेबांसाठी. "तुला सही करायची तर कर. माझं नाव काढ, आणि का काढलं ते मी लॉर्नाला फोन करून सांगते."

साहेब माझ्याकडे वळले. "किती नोंदी असतील?"

मी तोवर दुरुस्त ओळ चालवून बघितली होती. "जुन्यांशी जुळणाऱ्या काढून एक हजार सातशे त्रेचाळीस."

"दोघींनी?"

"दोघींनी," बाई म्हणाल्या. "वेगवेगळं."

"देवा रे," साहेब म्हणाले आणि गेले. तासाभराने त्यांची मेल आली. दहा मार्चच्या दुपारपर्यंत अहवाल तयार असेल तर थांबतो, नाहीतर आहे तो जाईल. खाली आणखी एक ओळ होती, की दोघींचे इतर सगळे वर्ग ते स्वतः घेतील. ती ओळ बाईंनी दोनदा वाचली आणि "वर्गात काय दिवे लावणार आहे कोण जाणे" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त यादी ग्लासगोला तपासायला गेली. त्या ग्रंथपालाने तीन तासांत उत्तर पाठवलं, "आता ठीक", आणि खाली हसरा चेहरा. बाईंनी तो चेहरा पुसून मग मेल जपून ठेवली.

सहा दिवस आम्ही वाचलं. दुपारी कॅन्टीनचं मसुराचं सूप टेबलावरच. माझ्या डोळ्यांसमोर टाचा नाचायला लागल्या. टाचांचे व्यायाम, टाचांच्या शस्त्रक्रिया, घोड्यांच्या टाचा, उंच टाचांच्या सँडलींवर नर्सिंगच्या विद्यार्थिनींचं मत. एरवी अशा घोड्यांवर इश्बेलबाईंनी मला तासभर हसवलं असतं, चाळणी संपल्यावर. आता नुसती की-बोर्डची टकटक. एकदा मीच न राहवून म्हटलं, "इश्बेल, ही चूक कोणाचीही होऊ शकते."

"तेच सांगू नकोस. कोणाचीही होऊ शकते म्हणून तर इतके नियम आहेत. ते मी पाळले नाहीत. वाच."

तेवीस लेख पूर्ण वाचायला निघाले. बावीस बाद झाले. तेविसावा कुठल्याशा आयरिश नर्सिंग मासिकातला, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, छापील प्रत फक्त कॉर्कमधल्या एका ग्रंथालयात. त्यांनी स्कॅन करून पाठवला. शहाण्णव रुग्ण, फोमचे बूट, चिठ्ठ्या नीट टाकलेल्या. आणि शेवटचं पान गायब.

सहा मार्च, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. बाईंनी कॉर्कला फोन लावला.

"तुमच्या यंत्राने शेवटचं पान खाल्लंय."

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला.

"सोमवारी नाही, आत्ता. नाही, बाबा, संदर्भांची यादी नाही ती, तिथे तिसरा तक्ता आहे. कसं माहीत? कारण पाच नंबरच्या पानावर लिहिलंय 'तक्ता तीन पाहा' आणि मी तो पाहू शकत नाहीये! तुझं नाव काय? डोनल. डोनल, बाळा, तू जिना उतरून ते मासिक हातात घे, मी फोन धरून बसते."

एकवीस मिनिटं त्या फोन कानाला लावून बसल्या. मग मेलमध्ये डोनलच्या मोबाइलने काढलेला फोटो आला. कोपऱ्यात त्याचा अंगठा होता, पण तक्ता दिसत होता.

मी आकडे घातले. हिरा केसभर उजवीकडे सरकला आणि थांबला. अजून डावीकडेच. एवढा आटापिटा करून उत्तर तेच! मला हसावं की रडावं कळेना. "साहेबांना सांगू नका," मी म्हटलं, "ते नाचतील."

"तक्ता पूर्ण वाचलास का?" बाईंनी विचारलं.

तक्त्याची खालची ओळ पडण्याची होती. अंथरुणातून उठू शकणाऱ्या रुग्णांत बूटवाले नऊ जण पडले होते, बिनबुटाचे दोन. आमच्या तक्त्यात 'पडणे' हा रकाना जुलैपासून होता आणि अकराही चाचण्यांपुढे रिकामा होता. कोणी मोजलंच नव्हतं. मोजलं होतं ते या एकाच चाचणीने, तीही लहान. तेव्हा खात्री कमी, असंच लिहावं लागणार होतं. पण कोरं राहणार नव्हतं.

दहा तारखेला सकाळी शेवटचं भांडण झालं. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणामुळे एका डेटाबेसमधील शोध पुन्हा करण्यात आला.' बाईंनी ते खोडून लिहिलं, 'मूळ शोधात ओळीचा क्रमांक चुकीचा लिहिला गेला, बदलानंतर तो पुन्हा तपासून घेतला नाही. लिहिणारी: इ. डुगिड.'

"नाव कशाला?" साहेब वैतागले. "असं कोणी लिहीत नाही!"

"तांत्रिक कारण म्हणजे काय असतं, रॉडरिक? वीज गेली होती का?"

साडेअकराला साहेबांनी हात टेकले. दुपारी अहवाल गेला.

सभेत कंपनीचा माणूस आला होता, छान सूट घालून. त्याने नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "ज्या अहवालाच्या लेखिकेनेच चूक कबूल केली आहे, त्यावर मंडळ कितपत विसंबून राहणार?" इश्बेलबाईंचे कान लाल झाले. त्या माझ्याशेजारीच बसल्या होत्या आणि हातातल्या कागदाची कडा दुमडत होत्या.

अध्यक्ष इलॉन गावच्या एक निवृत्त पशुवैद्य बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "ते त्यांनी पान नऊवर सांगितलंय. दुरुस्त केलंय तेही सांगितलंय. तुम्ही नवीन काय सांगताय?"

"मी फक्त..."

"तुमच्या बुटांत माणसं पडतात का, ते तुम्ही मोजलंय?"

"आमच्याकडे तशी आकडेवारी..."

"म्हणजे नाही. पुढे चला."

निर्णय असा झाला. जे उठतच नाहीत त्यांना बूट द्यायचे, जे उठतात त्यांना नाही. नर्सच्या फेऱ्यांना शरद ऋतूपर्यंत हात लावायचा नाही, मग पुन्हा बघू. पुन्हा बघू म्हणजे काय, ते कोणी सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात लॉर्नाने आम्हाला गाठलं. तिच्या हातात कागदी पिशवीतली अर्धी खाल्लेली बटरी, म्हणजे इकडचा लोण्याचा चपटा पाव होता, सकाळचा असावा.

"थांब, मला समजू दे," ती इश्बेलबाईंना म्हणाली. "न उठणाऱ्यांना बहुतेक उपयोग होतो. उठणारे कदाचित पडतात. बहुतेक आणि कदाचित. नऊ महिने घेतलेस तू, बाई!"

"हो."

"आणि मध्येच शोधातही चुकलीस."

"हो. पान नऊवर आहे."

"वाचलंय मी." लॉर्नाने पिशवीतून तुकडा मोडला आणि इश्बेलबाईंपुढे धरला. त्यांनी घेतला. "आता माझं काय होणार, सांगू? नमुन्याचे म्हणून आधीच वाटलेत ते बूट, माझ्याकडे सहा जणांना. त्यातले चार चांगले चालते-फिरते आहेत. सोमवारी मी जाऊन ते काढून घ्यायचे. टॉमिन्टूलची जेसी देणारच नाही. गरम असतात म्हणते, घालून कोंबड्यांना दाणे टाकायला जाते."

"पडली आहे का ती?"

"दोनदा. नाताळात एकदा आणि परवा एकदा."

"लिहून ठेवलंस?"

"कुठे लिहू? मी तिला उचलू की लिहू?"

"उचलल्यावर लिहायचं," इश्बेलबाई म्हणाल्या. "तारीख, वेळ, पायात बूट होते की नाही. बाकीच्या पाचांचंही. चाळीस नर्सांनी शरद ऋतूपर्यंत लिहिलं तर—"

"इश्बेल."

"काय?"

"आत्ता मला फक्त माझी गाडी शोधू दे," लॉर्ना म्हणाली आणि जिना उतरायला लागली. चार पायऱ्या गेल्यावर तिथूनच ओरडली, "बूट होते की नाही, आणि काय?"

"फरशी ओली होती का ते!" इश्बेलबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या.